आकड्यांकडून माणूस परत मागणारा कवी

गाझातल्या युद्धाची बातमी आपल्यापर्यंत बहुतेक वेळा आकड्यांच्या रूपात आली. आज इतके ठार, इतके जखमी, इतके बेघर. आकडा वाढत गेला तशी आपली नजर बोथट होत गेली. सप्टेंबर 2024 मध्ये गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने ओळख पटलेल्या मृतांची यादी प्रसिद्ध केली. 649 पाने आणि 34,344 नावे. नावे वयाच्या क्रमाने लावलेली होती, त्यामुळे सुरुवातीची 14 पाने वर्षही पूर्ण न केलेल्या बाळांची होती.

माझे रोजचे काम अशा तक्त्यांशीच असते. ओळी, रकाने, ओळख क्रमांक, जन्मतारीख. तक्त्याची ताकद मला ठाऊक आहे. ही यादी नसती तर माणसे मेलीच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना मोकळे रान मिळाले असते. पण तक्त्याची मर्यादाही मला ठाऊक आहे. ज्या गोष्टीसाठी रकाना ठेवलेला नाही, ती गोष्ट तक्त्याच्या लेखी नसतेच. त्या मुलीला अंधाराची भीती वाटत होती का, त्या म्हाताऱ्याच्या खिशात कुठल्या घराची किल्ली होती, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

हे लिहिण्याचे काम कवीकडे येते. म्हणूनच या वेळचे संपादकीय एका कवीवर आहे. त्याचे नाव मोसाब अबू तोहा आणि त्याच्या नव्या कवितासंग्रहाचे नाव ‘फॉरेस्ट ऑफ नॉइज’, म्हणजे गोंगाटाचे जंगल. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या नॉफ या प्रकाशनाने तो काढला. पुढच्याच वर्षी, मे 2025 मध्ये, ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलेल्या गाझाविषयीच्या लेखांसाठी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. पुरस्कारामुळे त्याचे नाव आपल्याकडेही पोहोचले, पण पुरस्काराची बातमी वाचणे आणि कवी वाचणे यांत अंतर आहे. ते थोडे कमी करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोसाबचा जन्म नोव्हेंबर 1992 चा, गाझातल्या अल-शाती निर्वासित छावणीतला. त्याचे आजोबा मूळचे याफाचे. 1948 मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना घरदार सोडावे लागले, त्यांत तेही होते. म्हणजे छावणीत जन्मलेल्या या मुलाचा पत्ताच मुळी तात्पुरता होता. पुढे हे कुटुंब गाझाच्या उत्तरेला बैत लाहियाला राहायला गेले. स्ट्रॉबेरीच्या शेतांसाठी ओळखले जाणारे हे गाव. जानेवारी 2009 च्या बॉम्बहल्ल्यात तो जखमी झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच्या पिढीतल्या गाझावासीयांना वय सांगायचे तर वाढदिवसांपेक्षा युद्धे मोजणे सोपे जाते. 2008-09, 2012, 2014, 2021 आणि मग 2023.

गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात त्याने इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. 2014 च्या युद्धात या विद्यापीठावर बॉम्ब पडले. ढिगाऱ्यात त्याला अमेरिकन साहित्याचा एक जाडजूड निवडक संग्रह सापडला. ज्या देशाने इस्रायलला शस्त्रे पुरवली, त्याच देशाचे साहित्य त्याने आपल्या विद्यापीठाच्या ढिगाऱ्यातून उचलून घेतले. ते फेकून देण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्याने ते जपले आणि आणखी पुस्तके मागायला सुरुवात केली. समाजमाध्यमांवरून त्याने जगभरच्या लोकांना आवाहन केले. लोकांनी पुस्तके पाठवली, नोम चॉम्स्कींसारख्या विचारवंतानेही पाठवली. त्यातून 2017 मध्ये बैत लाहियात एडवर्ड सईद वाचनालय उभे राहिले. गाझातले हे इंग्रजी पुस्तकांचे पहिले सार्वजनिक वाचनालय. दोन वर्षांनी गाझा शहरात त्याची दुसरी शाखा निघाली. जिथे माणसाला बाहेर पडायला परवाना लागतो, तिथे निदान पुस्तकांतून तरी मुलांनी बाहेर जावे, हा त्यामागचा साधा हिशेब.

त्याचा पहिला संग्रह 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी लाइट्स या प्रकाशनाने काढला. ‘थिंग्ज यू मे फाइंड हिडन इन माय इअर’, माझ्या कानात दडलेल्या तुम्हाला सापडू शकतील अशा गोष्टी. ज्या कवितेवरून हे नाव आले, ती कान तपासणाऱ्या एका डॉक्टरला उद्देशून लिहिलेली आहे. कवी डॉक्टरला सांगतो की कान उघडाल तेव्हा जपून, आत काय काय साठले आहे ते तुम्हाला माहीत नाही. आईचा आवाज, अरबी गाणी आणि त्यांच्या शेजारीच ड्रोनची घरघर. दवाखान्यातली एक नेहमीची तपासणी आणि त्यातून एका माणसाचे सगळे आयुष्य उलगडते. या संग्रहाला पॅलेस्टाइन बुक अवॉर्ड आणि अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले.

सिटी लाइट्स हे नाव साठोत्तरी मराठी साहित्याच्या वाचकांना परके नाही. अॅलन गिन्सबर्गचे ‘हाऊल’ 1956 मध्ये याच प्रकाशनाने छापले आणि त्यावरून पुढच्या वर्षी अश्लीलतेचा खटला लढवून तो जिंकला. हाच गिन्सबर्ग 1962-63 मध्ये भारतात येऊन राहिला होता आणि आपल्या लघुनियतकालिकांच्या पिढीने त्याला जवळून पाहिले. मोसाबच्या नव्या संग्रहात गिन्सबर्गला आणि वॉल्ट व्हिटमनला समोर ठेवून लिहिलेल्या कविता आहेत. गिन्सबर्ग ज्यू कुटुंबातला. चॉम्स्कीही ज्यू कुटुंबातले. वाचनालयाला ज्यांचे नाव दिले ते एडवर्ड सईद जेरुसलेममध्ये एका ख्रिस्ती अरब कुटुंबात जन्मले. गाझातला एक मुस्लिम कवी आपली वंशावळ अशी सांगतो. आपल्याकडे पॅलेस्टाइनचा प्रश्न ‘मुसलमानांचा प्रश्न’ म्हणून मांडला जातो. मांडणारे दोन्ही बाजूंचे असतात. काही आपुलकीने तसे म्हणतात, काही हिणवण्यासाठी. त्या दोघांनाही मोसाबचे पुस्तकाचे कपाट दाखवावेसे वाटते. हा जमिनीचा, नागरिकत्वाचा आणि माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न आहे. त्यात कोणाला सामील व्हायचे असेल तर धर्माचा दाखला लागत नाही.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतर इस्रायलने गाझावर जे युद्ध लादले, त्याने मोसाबचे जग उलटेपालटे केले. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच बैत लाहियातले त्याचे घर बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाले आणि घरातली त्याची पुस्तकेही ढिगाऱ्याखाली गेली. नोव्हेंबरमध्ये बायको आणि तीन मुलांना घेऊन तो दक्षिणेकडे निघाला. धाकट्या मुलाचा जन्म अमेरिकेतला असल्यामुळे त्यांना बाहेर पडण्याची परवानगी मिळालेली होती. वाटेतल्या तपासणी नाक्यावर इस्रायली सैनिकांनी त्याला रांगेतून बाजूला काढले, कपडे उतरवायला लावले, डोळ्यांवर पट्टी बांधून नेले आणि मारहाण केली. जगभरातल्या लेखकांनी व प्रकाशकांनी आवाज उठवल्यावर दोनेक दिवसांत त्याची सुटका झाली. इजिप्तमार्गे तो पुढे अमेरिकेत गेला.

सगळ्यांच्या वाट्याला ही सुटका आली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये कवयित्री हेबा अबू नादा खान युनिसमध्ये मारली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कवी आणि इंग्रजीचे अध्यापक रिफअत अलअरीर मारले गेले. मोसाबने जिथे शिक्षण घेतले त्याच विद्यापीठात ते शिकवत. गाझातल्या कितीतरी तरुणांना इंग्रजीत लिहिण्याची गोडी त्यांनी लावली होती. ‘फॉरेस्ट ऑफ नॉइज’ हा संग्रह अशा काळात पुरा झाला. त्यातल्या काही कविता युद्धापूर्वीच्या आहेत, काही युद्धातल्या. वाचताना मात्र कोणती कधीची हे ओळखणे अवघड जाते. तेच या संग्रहाचे सर्वांत बोचरे विधान आहे. गाझात युद्ध 2023 मध्ये सुरू झाले, असे आपण म्हणतो. तिथला माणूस म्हणतो, कोणते?

कविता कशा आहेत? भाषा अगदी साधी. ओळी छोट्या, विशेषणे मोजकी, घोषणा जवळजवळ नाहीत. खिडकी, भाकरी, चहा, पुस्तक, आजोबांची विहीर, मुलांची खेळणी. एक कविता हवाई हल्ला चालू असताना गाझातल्या माणसाने काय करावे, याच्या सूचनांच्या स्वरूपात आहे. सरकारी पत्रकात असतात तशा सूचना. दिवे घालवा, खिडकीपासून दूर बसा, चहा ठेवण्याचा विचार सोडा. वाचता वाचता सूचना बदलत जातात. मुलाच्या शाळेच्या पिशवीत ओळखपत्रांबरोबर खेळणी भरायची, खिशात गॅलरीतल्या कुंडीची माती ठेवायची. आपत्कालीन सूचना देणाऱ्या कोणत्याही खात्याने कुंडीतल्या मातीचा विचार केलेला नसतो. पण घर सोडताना माणूस काय उचलतो, यावरूनच तो माणूस कोण आहे ते कळते. तक्त्यात ज्याला रकाना नाही, ते इथे सापडते.

सगळ्या कविता सारख्या उंचीच्या आहेत, असे मी म्हणणार नाही. काही कविता वार्तापत्राच्या इतक्या जवळ जातात की त्यांना अजून थोडा काळ मिळायला हवा होता, असे वाटते. घटना सांगून झाली की कविता थांबते, आपल्या मनात पुढे चालत नाही. पण काळ मिळायला हवा होता, असे म्हणताना जीभ अडखळते. ज्याच्या नातेवाइकांच्या मृत्यूच्या बातम्या फोनवर येत आहेत, त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगायचे की जरा थांब, अनुभव मुरू दे? तरीही कवी म्हणून त्याला वाचायचे तर हा निकष सोडता येत नाही. दया म्हणून वाचलेली कविता हाही एक प्रकारचा अपमानच असतो.

मोसाबची मातृभाषा अरबी, पण हे दोन्ही संग्रह त्याने इंग्रजीत लिहिले आहेत. यावर आपल्या वाचकांनी थोडे थांबावे असे मला वाटते. घरात दखनी किंवा उर्दू आणि लिहिताना मराठी, अशी स्थिती महाराष्ट्रातल्या अनेक मुस्लिम घरांची आहे. ‘तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ हा प्रश्न ऐकला नाही असा मराठी मुसलमान विरळा. त्याच वेळी घरातलेच कुणी विचारते, आपली जबान सोडून त्यांच्या भाषेत का लिहितोस? शेजाऱ्याच्या भाषेत लिहिणे म्हणजे आपली भाषा सोडणे नव्हे. ज्याच्यापर्यंत आपले दुःख पोहोचायला हवे आणि पोहोचत नाही, त्याच्या दारावर त्याला कळेल अशी थाप मारणे आहे. मोसाबच्या इंग्रजीत अरबी जगणे पुसले गेलेले नाही, उलट इंग्रजीलाच थोडी जागा करून द्यावी लागली आहे. दोन भाषांत निघणाऱ्या आपल्या मासिकाचा खटाटोपही याहून वेगळा नाही.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. ती टाळून हा लेख लिहिला असता तर सोपा झाला असता, पण अप्रामाणिक झाला असता. पुलित्झर जाहीर झाल्यानंतर, हमासच्या कैदेतून जानेवारी 2025 मध्ये सुटून आलेल्या एका इस्रायली तरुणीने या निवडीवर जाहीर आक्षेप घेतला. तिला तिच्या घरातून पळवून नेण्यात आले होते आणि ती चारशेहून अधिक दिवस कैदेत होती. मोसाबने समाजमाध्यमांवर लिहिताना तिला ओलीस म्हणण्यावरच प्रश्न उभा केला होता. त्याला अमेरिकेतून हाकलून द्यावे, अशी मागणी करणारे गटही या वादात पुढे आले. त्यांचा हेतू त्याचा आवाज बंद करण्याचा होता आणि त्याचा निषेधच करायला हवा. पण त्या तरुणीचा आक्षेप त्या गटांच्या खात्यात टाकून मोकळे होणे मला पटत नाही. घरातून उचलून नेलेली आणि चारशे दिवस डांबून ठेवलेली व्यक्ती ओलीसच असते. तिच्या दुःखाला ते नाव नाकारणे चूक होते.

हे मी कवीच्या विरोधात म्हणत नाही. हे मला त्याच्या कवितेनेच शिकवले आहे. माणसाला बाजूचा प्रतिनिधी समजू नका, त्याचे नाव विचारा, त्याच्या खिशात काय आहे ते पाहा, हा तिचा आग्रह आहे. हा निकष एकदा मान्य केला की तो भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असा लावता येत नाही. कवीचे घर जमीनदोस्त झाले आहे, त्याचे आप्त मारले गेले आहेत. अशा माणसाच्या तोंडून रागाच्या भरात काय निघावे, याचा न्याय करायला मी इथे सुरक्षित खोलीत बसून पुढे सरसावणार नाही. ताकदही दोन्हीकडे सारखी नाही, हेही विसरता येत नाही. एकीकडे विमाने आणि रणगाडे असलेले राज्य आहे, दुसरीकडे छावण्यांत राहणारी माणसे. पण आपण त्या रागाला तत्त्व बनवू नये. कवितेने दिलेला निकष कवीलाही लागू होतो आणि वाचकाला तर आधी लागू होतो.

वाचकाला म्हणजे आपल्याला. 1992 हे मोसाबच्या जन्माचे साल. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत, हे साल उच्चारले की पुढे काही बोलावे लागत नाही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये अहवाल दिला. त्यात 900 मृत्यूंची नोंद आहे. 575 मुस्लिम, 275 हिंदू, 45 जणांची ओळख पटली नाही आणि 5 इतर. आयोगाचे काम सचोटीचे होते आणि धर्मवार आकडे देणे त्या कामाचा भागच होता, कारण हिंसेचा रोख कुणाकडे होता हे त्याशिवाय कळत नाही. पण आपण नंतरच्या तीस वर्षांत या आकड्यांचे काय केले? कुणी 575 घेतले, कुणी 275 घेतले. मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत गेलेल्या 257 जणांचेही तसेच झाले. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे मृत घेतले आणि दुसऱ्याच्या मृतांना उत्तर म्हणून वापरले. ते 45 जण मात्र कुणीच मागितले नाहीत, कारण त्यांचा धर्म कुणाला माहीत नव्हता.

मला वाटते, मोसाबसारख्या कवीची आपल्याला सर्वांत जास्त गरज इथे आहे. तो आपल्याला गाझाबद्दल सांगतोच. शिवाय शोक कसा करावा, हेही दाखवतो. आकडा सांगून गप्प बसायचे नाही आणि आकड्याला शस्त्रही करायचे नाही. एक नाव घ्यायचे, एक खोली उघडायची, एका माणसाजवळ बसायचे. मग दुसऱ्या माणसाजवळ. हे काम हळू चालते आणि त्यातून मोर्चा निघत नाही. पण ज्या मोर्चाच्या मागे असे काम नसते, तो मोर्चा काही काळाने दुसऱ्याच्या मृतांवरून चालायला लागतो.

म्हणून वाचकांना काही सुचवावेसे वाटते. या कवीची एखादी ओळ छायाचित्रावर चिकटवून ती गटागटांत पाठवण्याआधी निदान एक अख्खी कविता वाचा. शक्य झाले तर पुस्तक विकत घ्या. आपल्या शाखांमध्ये महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग होतात. त्यातला एक तास या संग्रहाला द्या. मराठीतून अर्थ सांगत, घरची दखनी मिसळत वाचा. इंग्रजी कच्चे असलेल्यांनी घाबरू नये, कारण हे इंग्रजी घाबरवणारे नाही. बारावीच्या मुलामुलींना त्यात सहज शिरता येईल. आणि वर्ग संपताना प्रत्येकाला आपल्या मोहल्ल्यातल्या एका गेलेल्या माणसाबद्दल पाच ओळी लिहायला सांगा. जात, धर्म, पक्ष न लिहिता. तो चहा कसा प्यायचा, ती कोणावर रागवायची, एवढेच.

वाचनालयाबद्दलही एक शब्द. युद्धाने एडवर्ड सईद वाचनालयाचीही मोठी हानी केली. ते पुन्हा उभे राहील तेव्हा राहील, ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आपल्या वस्त्यांमधली बंद कपाटे आहेत. कितीतरी मोहल्ल्यांत देणगीतून आलेली पुस्तके कुलपात पडून आहेत, किल्ली कोणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. एका माणसाने ढिगाऱ्यातल्या एका पुस्तकापासून गावाचे वाचनालय उभे केले. आपल्याकडे ढिगारा नाही, खोली आहे, कपाट आहे, वीज आहे. पॅलेस्टाइनशी एकजूट दाखवण्याचे अनेक मार्ग आहेत. या रविवारी त्या कपाटाची किल्ली शोधणे हाही त्यांपैकी एक आहे.